परत पाठवलेले कमोड

“कमोड घरी आलं होतं. दाजींनी दारातूनच परत लावून दिलं. म्हनले, माझ्या घरात दवाखाना नको. आमची अक्का खालच्या भांड्यावर बसायला गेली, उठता आलं नाय, आन् तिथंच पडून गेली. लई स्वाभिमानी हायेत आमचे दाजी.”

हे उद्गार माझ्या मेव्हण्याचे आहेत. दौलताबादहून आलेल्या या गृहस्थाने ते माझ्या पत्नीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, भर मंडपात, ध्वनिक्षेपकावरून काढले. आदरांजलीत गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत असा आपला रिवाज आहे. याने माझे सांगितले. समोरच्यांनी माना खाली घातल्या. पहिल्या रांगेत माझी मुलगी होती. तिने मान खाली घातली नाही, माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून ती वाळूजहून उस्मानपुऱ्यात माझ्याकडे आलेली नाही. फोन केला तर जावई उचलतो आणि ती आंघोळीला गेली आहे असे सांगतो. दिवसभर आंघोळ करणारी मुलगी मी वाढवलेली नाही.

न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी हयात गेली. वाक्ये खरी असतात आणि साक्ष तरीही खोटी असते, हे मी साक्षीदारांचे शब्द उतरवून घेताना पुष्कळदा पाहिले आहे. मेव्हण्याची साक्ष त्या जातीची आहे. कमोड आले होते, खरे. मी ते परत पाठवले, तेही खरे. दवाखान्याचे वाक्य माझेच. परंतु कोणते कमोड, हे त्याला कोणी विचारले नाही. आपल्या घरांत भिंतीला बसवलेल्या भांड्याला कमोड म्हणतात, त्यावर चढवायच्या उंच सीटलाही कमोड म्हणतात, आणि पलंगाशेजारी ठेवायच्या, मध्ये भोक आणि खाली डबा असलेल्या खुर्चीलाही कमोडच म्हणतात. एका शब्दाच्या पोटात तीन वस्तू राहतात आणि त्या गर्दीत माझ्यावर खटला उभा राहिला.

पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी खालच्या आसनावर बसायला मनाई केली. मुलीने काळजीपोटी जी वस्तू मागवली ती खुर्ची होती. दुकानाचा माणूस ती घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मेव्हणा हॉलमध्ये चहा पीत होता. पत्नीने पलंगावरून ती पाहिली आणि मला जवळ बोलावले.

“परत पाठवा ते.”

“अगं, डॉक्टर म्हणाले आहेत.”

“इथं खोलीत बसू? दाराला नुसता पडदा, पलीकडं येणारी-जाणारी मानसं. मला बसलेलं कुणी बघायला नको.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही. तिचे बालपण अशा गावात गेले जिथे आमच्या लोकांच्या वस्तीतल्या बायका उजाडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला जात. गाडीचा उजेड पडला की सगळ्या जणी होत्या तशा उठून उभ्या राहत. गाडी गेली की पुन्हा बसत. “आमचं अर्धं आयुष्य तिथं उभं राहन्यातच गेलं,” असे ती हसून म्हणे, पण हे घर घेताना तिने स्वयंपाकघराच्या आधी संडासाची कडी पाहिली होती. हे मेव्हण्यालाही ठाऊक असायला हवे. तो त्याच गावचा आहे. पण पुरुषांना कधी उठून उभे राहावे लागले नाही.

एवढे कारण तिने परक्या माणसासमोर उच्चारावे, हे मला मान्य नव्हते. म्हणून मी दाराशी जाऊन माझ्या नावावर सांगितले, “माझ्या घरात दवाखाना नको.” मेव्हण्याने चहासोबत तेवढेच ऐकले.

त्याच संध्याकाळी मी रुग्णोपयोगी वस्तूंच्या दुकानात गेलो, हे त्याला माहीत नाही. दुकानदाराने एक उंच सीट काढून दाखवली आणि स्वतःच नाक मुरडले.

“चचा, ये गोरे लोगां का माप है. उनकू कागज से काम. अपने कू पानी लेने कू हात किधर से डालना?”

मी म्हणालो, “मग दाखवता कशाला?”

“दिखाना पडता. लोगां पहले महंगा देखके खुश होते.” मग त्याने पुढून मोकळी असलेली दुसरी आणली. “ये लेव. ये हिंदुस्तानी हात का.”

ती मी आणली, स्वतः बसवली, तिचे स्क्रू स्वतः आवळले. शेजारच्या भिंतीत धरायला दांडी बसवून घेतली. पत्नी ठेंगणी, त्या उंचीवर तिचे पाय लोंबकळू लागले, म्हणून खाली पाट ठेवला. पहिल्या दिवशी आतून तिचे हसणे ऐकू आले.

“आवं, आपली मानसं खुर्चीसाठी एवढी भांडत्यात. मला बघा, घरबसल्या मिळाली.”

“राजीनामा देऊ नकोस म्हणजे झालं,” मी म्हणालो.

तिच्या अटी होत्या. सीटविषयी कोणाला सांगायचे नाही, लेकीलाही नाही. लेक बघायला येईल. कोणी पाहुणा आला की सीट काढून बाल्कनीत पिंपामागे ठेवायची. आतून कडी लावायची नाही ही माझी अट तिने मानली, पण मी बाहेर पाठ करून उभे राहायचे आणि झाले की ती मगाने बादली वाजवणार. मी पाठ करून उभा राहत असे. समोर कॅलेंडर होते. मग वाजला की वळत असे.

मेव्हण्याचा दुसरा पुरावा या अटीतून जन्मला. अंत्ययात्रेच्या दिवशी त्याला पिंपामागे ती सीट सापडली. धुतलेली होती, म्हणून त्याने ती न वापरलेली ठरवली, आणि मी टाकून दिलेली ठरवली. तिथे ती मी ठेवली होती, हे खरे. शेजाऱ्यांना हाक मारण्यापूर्वी ठेवली होती, हेही खरे.

त्या सकाळी मग वाजला नाही. मी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मोठ्याने मारली, आणि वळलो. पुढे शेजारी आले तेव्हा त्यांनी तिला फरशीवर पाहिले, साडी पायापर्यंत नीट असलेली. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचे सांगितले, पण ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. फरशी सर्वांच्या ध्यानात राहिली. “पडल्या का?” असे कोणीतरी विचारले आणि मी मान डोलावली. तिच्यासाठी तेवढे उत्तर पुरेसे होते. माझे काय होईल याचा विचार त्या वेळी करण्याचे कारण नव्हते.

आता सीट भांड्यावरच असते. काढायला सांगणारे कोणी नाही आणि पाहुणा येत नाही. गुडघे माझेही गेले; त्या सीटवर आता मीच बसतो. पाट लागत नाही, पण काढलेला नाही. दार उघडेच ठेवतो. उठताना दांडी धरतो आणि वाटते, उठून जायचे कुठे? हॉलमध्ये तेच कॅलेंडर आहे. संध्याकाळी फोन लावतो, जावई उचलतो. मुलगी माझ्याविषयी जे मानते ते ती मानत असतानाच मी मरेन, असे आता बहुतेक नक्की झाले आहे. हे लिहिल्याने ते बदलेल अशी मला आशा नाही. तरीही खोटी साक्ष नोंदीवर राहू देणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून पत्नीला दिलेला शब्द मोडून लिहितो. तिच्यावर आता कोणाची नजर पडणार नाही.

ती पडली नव्हती: मी दार उघडले तेव्हा ती त्याच उंच सीटवर, पाय पाटावर टेकवून, दांडी धरून बसलेली होती, आणि फरशीवर तिला मी निजवले.