पंजाबरावची उंच गाडी

"मी चढू कशी, तेवढं सांगा," रुखमाबाई म्हणाली.

"तीन इंचच त उचलली," पंजाबराव गाडीखालूनच बोलला. "स्टूल ठेवत जाईन."

"अन् यवतमाळले दवाखान्यापुढं उतराले? स्टूल मांडीवर घेऊन बसू काय?"

दिग्रसच्या त्यांच्या अंगणात जुनी जीप जॅकवर चढवलेली होती. गाडी उंच व्हावी म्हणून पंजाबराव बोल्ट ढिले करून बॉडी आणि खालच्या चेसिसच्या मधे नायलॉनचे जाड गट्टू बसवत होता. सारा जन्म त्यानं कापसाच्या एका जिनिंगवाल्या सेठची उंच गाडी चालवली. काम सुटल्यावर ही जीप घेतली, तीही रुखमाबाईच्या गुडघ्यांचं नाव पुढं करून. आता एसटीचे धक्के खायचे नाहीत, असं म्हणाला होता. आज तेच गुडघे डॉक्टरला दाखवायचे होते.

तो हात पुसत बाहेर आला. "आता मले वरून रस्ता दिसन. सेठच्या गाडीतून दिसे तसा. चौकात लोक मान वर करून पाहतीन."

"त्या गाडीत मले एकडावबी बसवलं नाही तुमी. पोराच्या येळी पोट घेऊन एसटीनं गेलती मी."

"ते सेठची होती."

"अन् हे?"

त्यानं पाना उचलला. "हे माही हाय."

रुखमाबाईनं खुंटीवरची पिशवी घेतली आणि गुडघा दाबत फाटक उघडलं.

"अवं, दोन बोल्ट राह्यले फक्त. मी हात देतो न चढाले. कोठी चाल्ली?"

ती एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली होती.