दादूसची झोप

स्वतःच्या हळदीला दादूस पाटावर बसल्या बसल्या झोपला. बायका गाणी म्हणत होत्या, वाजंत्री वाजत होती, काकीनं त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली, तरी त्याचा डोळा उघडला नाही. मान एका बाजूला कलली, तेव्हा मागे बसलेल्या मामानं ती आपल्या खांद्यावर घेतली आणि बाकीची हळद तशीच लागली. पुढं कित्येक वर्षं आमच्या भाईंदरच्या कोळीवाड्यात ही गोष्ट हसत हसत सांगितली जायची. नवी सून आली की तिला घरं दाखवताना बायका सांगायच्या, "ते तिकरचं घर, हलदीन झोपलेल्या नवऱ्याचं."

दादूस माझा थोरला भाऊ. आमच्यात भावाला दादूसच म्हणतात, पण त्याला सगळी आळीच दादूस म्हणायची, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. वडील नवज्वरानं गेले, होडी काकांकडे गेली आणि दादूस शेटच्या लॉरीवर क्लीनर म्हणून लागला. शेटची मिठागरं होती, स्टेशनाजवळ पेढी होती. दोन-तीन वर्षांत दादूस स्वतः लॉरी चालवायला लागला. कोळ्याचा मुलगा वल्हं सोडून चाक धरतो याचं तेव्हा आळीला फार अप्रूप होतं. मिठागरातलं मीठ, उत्तनकडची सुकी मासळी, असा माल घेऊन तो ठाण्याला, मुंबईला जायचा. लॉरी घराशी आली की पोरं तिला हात लावून बघायची आणि आय दारातून ओरडायची, "त्याला आदी जेवू द्या रे."

त्याला पोटभर झोपलेला मात्र मी कधी पाहिला नाही. तो कुठेही झोपायचा, कारण घरी अंथरुणावर त्याला कुणी झोपू देत नसे. न्हाव्यापुढं बसला की झोपायचा. भाकरीचा तुकडा हातात धरून झोपायचा. मी सातवीच्या, म्हणजे तेव्हाच्या फायनलच्या, परीक्षेला बसले होते. मी भूगोल पाठ करत बसले की तो शेजारी येऊन आडवा व्हायचा. "मोट्यानं वाच," म्हणायचा, "तुज्या नद्यांनी मना चांगली झोप लागते." मी गोदावरीवरून कृष्णेवर यायच्या आत तो घोरायला लागलेला असायचा. आळीतल्या पोरी शिकत नव्हत्या तेव्हा मला शिकू द्यायचा हट्ट त्याचाच. पुढं मी मास्तरीण झाले ती त्याच्यामुळं.

शेटच्या पेढीवर टेलिफोन होता. त्या टेलिफोनवर कुठूनतरी निरोप यायचा, गाडी पाठवा, की पेढीवरचे कारकून मेहताजी लगेच निरोप्या बाळूतात्याला आमच्याकडे पिटाळायचे. माल तयार आहे का, भरायला माणसं आली आहेत का, काही विचारायचं नाही. दादूस रात्रभर गाडी चालवून पहाटे आलेला असो की नुकताच जेवून पडलेला असो, हाक यायचीच. तो डोळ्यांवर पाणी मारून जायचा आणि तिथं जाऊन बघतो तर माल अजून यायचाच असायचा. मग लॉरीशी ताटकळत बसायचं. कधी निम्म्या दिवसानं सांगायचे, आज नको, उद्या. तो घरी येऊन पाठ टेकतो न टेकतो तोच पुन्हा हाक.

आयनं एकदोनदा खोटं बोलून पाहिलं. बाळूतात्या दिसला की ती उंबऱ्यातच बसायची आणि म्हणायची, "तो घरान न्हाय. बाजारान गेलाय." तोवर आतून दादूसचा आवाज यायचा, "आलो, तात्या." तो झोपेतच असायचा. हाकेला उत्तर द्यायची त्याच्या जिभेला इतकी सवय झाली होती की त्यासाठी त्याला जागं व्हावं लागत नसे. एकदा तो तसाच उठून, सदरा उलटा घालून, आळीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं त्याला खरी जाग आली. त्या दिवशी हाक आलीच नव्हती, शेजारी कुणीतरी आपल्या माणसाला बोलावलं होतं. परत आला तेव्हा तो इतका हसत होता की आम्हालाही हसू आलं. वयनी, म्हणजे त्याची बायको, तेवढी हसली नाही. चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

बाळूतात्याचा राग करावा असं वाटायचं, पण येत नसे. म्हातारा माणूस, छातीत दमा, पेढीवरची झाडलोट आणि निरोप एवढंच त्याचं काम. दादूसला उठवणं त्याच्या जिवावर यायचं. तो आधी पायरीवर बसायचा, एक बिडी पेटवायचा, शेवटपर्यंत ओढायचा आणि मगच हाक मारायचा. "तेवडीच त्याला," म्हणायचा. आपण ती बिडी दादूससाठी ओढतो, हे त्यानं दादूसला कधी कळू दिलं नाही.

दादूस स्वतः कुणाला उठवायचा नाही. अवेळी आला तर लॉरी आळीबाहेर लांब उभी करायचा आणि चपला हातात घेऊन चालत यायचा. दार वाजवायचा नाही. ओटीवरच अंग टाकायचा. सकाळी आय दार उघडायची तर हा थंडीत मुटकुळं करून पडलेला. "हाक नको का मारू?" ती चिडायची. "निजलेल्या मानसाला उठवू नये, आय," तो म्हणायचा. "काय वाटते ते मना म्हाईत हाय."

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शेटनं लॉरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. भट्टीत कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीतून इंजिनात जायचा आणि त्यावर गाडी चालायची. भट्टी धरायला वेळ लागायचा, म्हणून हाक आणखी लवकर यायला लागली. आणि एकदा पेटवलेली भट्टी विझू देता येत नसे, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागे. पूर्वी मालाची वाट बघताना तो निदान एखाद्या झाडाखाली पडायचा. आता भट्टीपाशी बसून राहावं लागे. घरी यायचा तो डोकं धरून. "कोल्शाच्या वासान डोकं जड होते," म्हणायचा. आय त्याच्या कपाळाला सुंठ उगाळून लावायची. त्याच सुमारास शेटनं लष्कराच्या खडीचाही ठेका घेतला, आणि दिवस कुठला, रात्र कुठली, काही उरलं नाही.

त्याला मुलगी झाली होती. सोनी. ती रांगायला लागली, चालायला लागली, पण बाप तिनं पाहिला तो बहुतेक झोपलेलाच. कुणी विचारलं, तुझा बापूस काय करतो, तर ती डोळे मिटून मान खाली टाकायची. सगळे हसायचे. दादूसही हसला आणि मग मला म्हणाला, "पोर माजा आवाज वलखल ना गो मोटी झाल्यावर?"

एके दिवशी आयनं डोक्यावरची मासळीची पाटी उतरवली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "चल माज्यासंगं. तू शिकलेली हाय, उभी रा नुसती." आम्ही पेढीवर गेलो. शेट गादीवर बसला होता.

"शेट," आय म्हणाली, "माल आल्यावर माज्या पोराला हाक मारा. आदी मारून काय करता?"

शेट वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. "मावशी," तो म्हणाला, "टेलिफोनवर लष्करचा साहेब एवढाच बोलते, गाडी भेजो. मी विचारलं कधी, तर फोन ठेवून देते. गाडी दिसली नाय तर ठेका दुसऱ्याला जाणार."

"मंग त्याला सांगा, गारीवर मानूस हाय."

शेटनं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "सांगतो." सांगितलं की नाही ते देव जाणे. हाका पहिल्यासारख्याच येत राहिल्या. दादूसला हे कळलं तेव्हा तो आयवर रागावला. त्याला वाटलं, आपलं काम जाईल. घरात खाणारी तोंडं, आणि आयच्या पाटीपलीकडे कमावणारा तो एकटा. "झोप काय, म्हातारपनी हायच," तो म्हणाला.

दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारठा आला होता. त्या दिवशी दादूस सकाळी उशिरा घरी आला, रात्रभर खडीच्या खेपा करून. आंघोळ केली, भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्लं आणि ओटीवर सोनीला शेजारी घेऊन आडवा झाला. मी नुकतीच मास्तरकीला लागले होते, शाळेत होते. पुढचं मला वयनीनं सांगितलं आणि काही बाळूतात्यानं.

दुपारी बाळूतात्या आला. वयनी त्याला म्हणाली, "आत्ता कुटं डोला लागलाय, तात्या." तात्यानं मान हलवली आणि पायरीवर बसून बिडी ओढली. ती संपल्यावर दुसरी पेटवली. तीही संपली. मग त्यानं हाक मारली. दादूस उठला. सोनीचा हात त्याच्या छातीवर होता. तो त्यानं अगदी हळू उचलला, तिच्याच अंगावर ठेवला, तिच्या पायांवर आपलं पांघरलेलं धोतर टाकलं आणि वयनीला खुणेनं सांगितलं, हिला झोपू दे. मग तो तात्याबरोबर गेला.

भट्टी पेटवून दादूसनं गाडी मिठागरावर नेऊन लावली. मीठ मोजून देणारा माणूस आला नव्हता, भरणारे मजूरही नव्हते. दादूस तात्याला म्हणाला, "तात्या, डोल्यापुढं काल्लोक येतो. मी वाईच टेकतो. माल भरला का उठव." तो आत बसला आणि चाकावर डोकं ठेवून झोपला. ऊन कलतं होतं, ते सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. तात्याला बघवलं नाही. त्यानं दोन गोणपाटं शोधून आणली आणि लॉरीच्या दोन्ही उघड्या बाजूंना लावली, उन्हाला आणि वाऱ्याला.

मजूर आले तेव्हा तात्यानं ओठांवर बोट ठेवलं. दादूसला ओळखत नाही असा त्यांत कुणी नव्हता. रोज गोणी धाडकन टाकणारी ती माणसं त्या दिवशी दोघं दोघं मिळून एकेक गोणी तान्ह्या मुलासारखी खाली ठेवत होती. एकाच्या हातून गोणी निसटून आपटली, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वरमला. कुणी मोठ्यानं बोललं नाही. तात्या मला म्हणाला, "येवडी शांतता मी आगरावर कदी बगली न्हाय, पोरी."

गाडी भरली. तात्यानं गोणपाट बाजूला केलं आणि हाक मारली. दादूसनं उत्तर दिलं नाही.

डॉक्टर आले. भट्टीच्या सांध्यातून विषारी वायू गळत होता, ते म्हणाले, आणि तो आत कोंडून राहिला. झोप इतकी गाढ होती की त्याला काही कळलंच नसावं. लॉरी चालवणारा दुसरा माणूस तिथं नव्हता, म्हणून त्याला मिठाच्या हातगाडीवरून घरी आणलं. शाळेत निरोप आला आणि मी धावत आले. त्याच्या चेहऱ्यावर त्या वायूची लाली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा पुसट वाटत होती. पोटभर झोपून उठायच्या बेतात असलेल्या माणसासारखा तो दिसत होता, आणि म्हणूनच वयनीला ते पटेना. जिनं लग्न झाल्यापासून त्याच्या झोपेवर पहारा केला, ती त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवत होती. "उठा ना," ती म्हणत होती, "तात्या आलाय. हाक मारतोय. उठा." बायकांनी तिला ओढून बाजूला घेतलं. सोनी दारात उभी होती. तिनं बापाकडे बघितलं आणि ती गप्प आत निघून गेली. तिच्या दृष्टीनं नवीन काहीच घडलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी बाळूतात्या आमच्याकडे आला. तो आत येईना. अंगणात मातीतच बसला आणि आयला सगळं सांगितलं, गोणपाटाचंही. "मी लावलं ते," तो म्हणाला. "ऊन लागत व्हतं त्याला." मग त्याला खोकल्याची उबळ आली.

आय पायरी उतरून त्याच्यापुढं आली. मला वाटलं, आता ती त्याला शिव्या देईल. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. "बालू," ती म्हणाली, "जल्मान एकदा कोनी तरी त्याला निजू दिला."

वयनीनं मात्र तात्याला कधी माफ केलं नाही. रस्त्यात दिसला तर ती पदर पुढं ओढून दुसऱ्या बाजूनं जायची. तिचंही चूक होतं असं मी म्हणणार नाही. तात्यानं पेढी सोडली आणि एक-दोन पावसाळ्यांत तोही गेला. शेटला वसईकडचा दुसरा ड्रायव्हर मिळाला. त्याला बोलवायला नवा माणूस आमच्याच दारावरून जायचा. त्याची हाक पलीकडच्या आळीत घुमली की आयच्या हातातलं काम थांबायचं.

वयनी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायला लागली. सोनीला मी माझ्याच शाळेत घातलं. ती मोठी झाली, सासरी गेली. बापाचा आवाज तिला आठवत नाही. मी कधीतरी त्याची नक्कल करून दाखवते, "आलो, तात्या," म्हणून, पण मला तो नीट जमत नाही.

मास्तरकीत माझं सगळं आयुष्य गेलं. कोळ्यांची, आगऱ्यांची मुलं पहाटे आईबापांबरोबर कामाला लागून मग शाळेत येतात आणि दुपारच्या वेळी बाकावर डोकं टेकतात. इन्स्पेक्टर एकदा मला म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात मुलं झोपतात आणि तुम्ही उठवत नाही." उठवायला मला जमत नाही, आणि नुसतं सोडूनही देववत नाही. मी शिकवता शिकवता त्या मुलापाशी जाते, वाकते आणि त्याच्या नाकापुढं बोट धरते. बोटाला ऊब लागली की मी पुढं शिकवायला लागते, जरा हळू आवाजात.