मे महिन्यातली घोंगडी

“खरं सांगा, चोरून तूप खाता ना?” मी दरडावलं.

समोर हौसाबाई. बाहेर मंचरचं मे महिन्यातलं ऊन, त्यांच्या अंगावर घोंगडी. त्यांच्याच विनंतीवरून क्लिनिकमधला फॅन बंद होता आणि घाम मी पुसत होतो.

“न्हाई वो डॉक्टर. समदं दूध डेअरीला जातं. तूप येनार कुठनं?”

“रिपोर्ट खोटं बोलंल व्हय?” सून नंदा म्हणाली. “शेंगदाण्यालाबी कुलूप लावलंय मी. तरी आत्याबाईंचं कोलेस्टेरॉल वाढतंयच.”

हौसाबाई खाली बघत राहिल्या. “थोरला भाऊ हार्ट अटॅकनं गेला. माझं बी तसंच व्हनार. आन् घरात चोर ठरले ते येगळंच.”

फिर्यादी अर्थातच मी. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस वाढवायला पेन उचललं, तर कपाळावरचा घाम टपकन प्रिस्क्रिप्शनवर पडला. तेव्हा कुठे या डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. पूर्वी मेंढरं राखणारं घर, घोंगडी असणारच, असं मी खुशाल धरून चाललो होतो!

“थंडी वाजते का?”

“लई. पोरं हसत्यात मला.”

नाडी पाहिली. मंद. चेहरा सुजरा, कातडी कोरडी. टीएसएच करायला पाठवलं. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला डोक्यातून जाणारी हाक. ग्रंथी सुस्तावली की हाक वाढते. रिपोर्ट आला, तर हौसाबाईंचा आकडा म्हणजे नुसती बोंबाबोंब होती.

नंदा मार्केट यार्डात माल घेऊन जायची, म्हणून तिला तिच्याच भाषेत सांगितलं, “मार्केटात मुकादम झोपला तर काय होतं?”

“हमाल बसून ऱ्हातील. गोण्या रस्त्यावरच.”

“तेच झालंय. थायरॉईड मुकादम, लिव्हर हमाल. रक्तातलं कोलेस्टेरॉल कुणी उचलतच नाही. रस्ता तुंबला की हार्टला धोका. आत्याबाईंनी काही चोरलेलं नाही.”

नंदानं सासूची घोंगडी नीट खांद्यावर ओढली. “घरी गेल्यावर पयलं कुलूप काढते, आत्याबाई.”

थायरॉईडची गोळी सुरू केली, रोज उपाशीपोटी. हृदयाला धक्का नको म्हणून छोट्या डोसपासून. काही महिन्यांत कोलेस्टेरॉल बरंच उतरलं. जेवणात फरक एवढाच, की शेंगदाण्याची चटणी परत आली.

पुढच्या खेपेला हौसाबाई आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “फॅन लावा की राव. किती उकडतंय!” घोंगडी घडी करून माझ्या टेबलावर ठेवली. “तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

ती आता माझ्या खुर्चीच्या पाठीवर असते. पेशंटच्या घरचे डबे उघडायच्या आधी मी त्याचा गळा बघतो.