काचेच्या मापाचं जहाज

बाळीवेशीत शरणप्पाचं फ्रेमचं दुकान होतं. देव आणि मेलेली माणसं, दोन्ही तो एकाच मापाच्या काचेत बसवायचा. चौऱ्याहत्तर साली त्याचा मुलगा सिद्राम, मालवाहू जहाजावरचा खलाशी, जहाजासकट बुडाला. तार आली. प्रेत आलं नाही.

"फोटो लाव, हार घाल, जंगमाला जेवू घाल," भाऊबंद म्हणाले.

सिद्रामच्या आईनं, ईरम्मानं, फोटो ट्रंकेत ठेवून दिला. "हार मेलेल्याला घालत्यात. तुमी कुनी बगितलं व्हय?"

त्याच सुमाराला गिरणीच्या एका साहेबाच्या बंगल्यातली अडगळ विकायला निघाली. शरणप्पानं चौकटींच्या लाकडासाठी जुन्या चित्रांचा गठ्ठा घेतला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी जहाजं. बर्फात अडकलेली, तोफा डागणारी. एकाची डोलकाठी वादळात मोडली होती, अर्धं जहाज पाण्यात. खाली डाव्या कोपऱ्यात तिळाएवढ्या माणसांनी भरलेली होडी.

ईरम्मानं समुद्र कधी पाहिला नव्हता. ती त्या होडीवर बोट ठेवून बसायची.

"ही वाचली की."

"अगं, लई जुनं चित्र हाय ते."

"मंग? तवा मानसं वाचत हुती, आता वाचत न्हाईत?"

तिला बरं वाटेल म्हणून शरणप्पानं चित्र मढवायला घेतलं. कागदाच्या कडा कुजलेल्या, हाताशी काच लक्ष्मीच्या तसबिरीच्या मापाची. आयुष्यभर केलं तेच त्यानं केलं. जहाज मधोमध धरलं, पट्टी ठेवली, पातं ओढलं. देवाच्या चित्रात कडेला ढग असतात, कमळं असतात. कापली तरी कुणाचं काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र भिंतीवर चढलं. ईरम्मा काचेच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

"होडी कुटं हाय?"

तो दुकानात धावला. जमीन झाडलेली होती. दुकानातलं कातरण रोज घरच्या बंबात जायचं. कालचं ईरम्मानंच सकाळी अंघोळीच्या पाण्याखाली जाळलं होतं.

तो परतला तेव्हा ट्रंक उघडी होती. तिनं फोटो त्याच्या हातात दिला. "जंगमाला सांगून या."

शरणप्पाला पातं हातात धरवेना. त्यानं फोटो दुसऱ्या फ्रेमवाल्याच्या दुकानात नेला.

"कापू नको," एवढंच म्हणाला.

"मला शिकवतोस व्हय, शरणप्पा?" तो माणूस हसला. "फोटो मोठा हाय. कडा जानारच की."

शरणप्पा पट्टी ठेवली जाताना बघत उभा राहिला.