राजाच्या फणीतला केस

भिवंडीच्या स्टँडवरून वज्रेश्वरीची एस.टी. सुटली तेव्हा निजामपुऱ्यातल्या लूमची खडखड अजून कानात होती. निघालो होतो एका जुन्या राजाची फणी बघायला. या लहानशा राजाची तलवार कधीच कुणीतरी लांबवली. आरसा, वस्तरा आणि फणी तेवढी अकलोलीजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी उरली. फणीत राजाचा केस अडकलेला आहे आणि पुण्यतिथीला अख्खं गाव त्याला नमस्कार करतं, असं ऐकलं होतं.

आधी अकलोलीच्या कुंडात उतरलो. पाणी कसलं कढत! उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आलो आणि तसाच त्या घरी पोचलो.

घरच्या अनसूयाकाकींनी "बसा, भाकर टाकते" म्हणत मला ओटीवर बसवलं. समोर पाट, आरसा, वस्तरा, अत्तर, फणी. काय ही माणसं, पाहुण्याचं किती बघतात! राजाची फणी आत देव्हाऱ्यात असणार असं धरून मी झकास भांग पाडला.

काकी बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "अरं देवा! राजांची फनी हाय ती!"

आज पुण्यतिथी होती. या दिवशी राजा दाढीला येतो म्हणून सगळं मांडून ठेवायची इथली रीत. फणीतला केस गायब होता. आम्ही दोघांनी रांगत ओटी पालथी घातली.

"केस हाय तवर फनीचा मान आमच्या घरी," काकी रडकुंडीला आल्या. "न्हाय तर धाकट्या दिराकडं जाईल. तो टपूनच बसलाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाहेर ताशा वाजला, गाव नमस्काराला आलं. काकींनी डोळे पुसले, माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"वाका."

वाकलो. आई गं! उरल्यासुरल्यांतला एक फणीत गेला.

सगळ्यांच्या आधी दीरच पुढे आला. चष्मा लावून त्याने फणी न्याहाळली. मग त्याने ती कपाळाला टेकवली. "तेज बघा अजून," तो गहिवरून म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला.

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं चापून निघालो. काकी बसपर्यंत पोचवायला आल्या.

"काकी, माझ्यापायी राजाचा केस गेला हो."

"खुळं का काय तुमी? तो माझ्या सासऱ्याचा व्हता. तुमचा जाड हाय, टिकंल."

भिवंडी येईपर्यंत डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसलो. उरलेला ऐवज आता राजघराण्यातला होता.