डाव्या चाकाचं तेल

डिचोलीत माझं गॅरेज आहे. ब्रेकच्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. खाणी बंद पडल्या, खाणीच्या जीपा यायच्या थांबल्या, पण माझी घमेंड काही कमी झाली नाही.

जवळच्या सर्वण गावात एक निवृत्त इंजिनियर राहतात. सगळे त्यांना भाई म्हणतात. घरामागच्या शेडमध्ये पाच वर्षं खपून त्यांनी दोन माणसांचं विमान बांधलं. उडवायची परवानगी यायची होती, तोवर सड्यावर, मोकळ्या कातळपठारावर, नुसतं पळवायचे. त्याचे ब्रेक दोन पायांत असतात. डावा पाय दाबला की डावं चाक धरतं, उजवा दाबला की उजवं. ते ब्रेक भाईंनी माझ्यावर सोपवले. ताकीद एकच दिली, "ह्या ब्रेकांत तांबडेंच तेल. गाडयेचें घालूं नाका."

एकदा डावीकडचं तेल उतरलेलं दिसलं. तांबड्या तेलाचा डबा संपला होता, नवा बंगळूरहून यायचा होता. भाई जेवायला घरात गेलेले. मी मनात म्हटलं, तेल ते तेल, शिकलेली माणसं उगाच बाऊ करतात. गाडीच्या ब्रेकचं तेल ओतलं आणि मोकळा झालो. भाईंना विचारायला दहा पावलंही जावं लागलं नसतं.

पंधरा दिवसांनी सड्यावर पळता पळता विमान डावीकडे खेचलं गेलं आणि कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळलं. पंख चेपला. भाईंना खरचटलंसुद्धा नाही. चाक मीच उघडलं. आतली रबराची कडी त्या तेलानं फुगून पिस्टन अडकला होता, धरलेला ब्रेक सुटलाच नव्हता. एका नजरेत कळलं मला.

"कितें मेळ्ळें रे?" भाईंनी विचारलं.

मी कडी खिशात टाकली. "कांय ना भाई. सगळें बरें आसा."

भाईंनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांना साखरेचा आजार. पायांची जाणीव हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "म्हणजे म्हजोच पाय," ते म्हणाले. "दाबलो आनी म्हाका कळ्ळेंच ना."

तेव्हाही तोंड उघडलं नाही मी. महिन्याभरात त्यांनी विमान विकलं. पंख उतरवून ट्रकवर चढवायला मला बोलावलं, आणि मी निर्लज्जासारखा गेलो. दोऱ्या आवळल्या, वर चहा प्यालो. पुढे त्यांनी मोटार चालवणंही सोडलं. एक दिवस डिचोलीच्या बसस्टँडवर बायकोचा दंड धरून, पायाखाली बघत बघत चालताना दिसले. रस्ता चांगला सपाट होता.

दुसऱ्या दिवशी सर्वणला गेलो आणि सगळं सांगितलं.

"केन्ना कळ्ळें तुका?"

"त्याच दिसा, भाई."

त्यांनी चप्पल काढली, डावा पाय फरशीवर टेकला, बोटं वर केली, खाली केली. मग आत बायकोला हाक मारून म्हणाले, "आयकलें गो? पाय बरो आसलो म्हजो."

माझ्याशी ते त्यानंतर बोललेले नाहीत.