आठ वाजताच्या आक्का

आक्कांचा फोन उचलायचा नाही, असा नियम होता. संध्याकाळी आठ वाजता ताईचा मोबाइल दोनदा वाजे आणि बंद होई. मग ताईने गोळी घ्यायची आणि उलट मिस्ड कॉल द्यायचा. तो गेला नाही, तर सकाळी आक्का दारात हजर. अशा किती बायांना त्या फोन करत, ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षांत ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची रक्ततपासणी होते, त्यात तिला एचआयव्ही असल्याचं निघालं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून कागद वाचायला मी सोबत होते. कागद वाचला, पण पुढे काय विचारायचं ते मला सुचेना. तिथल्या समुपदेशक बाईंनी ताईला विचारून आक्कांना बोलावून घेतलं. आक्का ताईजवळ बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मलाबी हाच आजार हाय, बाई. धा वर्सं झाली. बघ, जिती हाय नं? गोळ्या नीट घेतल्या तर लेकरू चांगलं निघतं."

आक्का लासूर स्टेशनच्या. नवरा गेल्यावर शहरात आल्या आणि एका संस्थेतर्फे ताईसारख्या बायांना सोबत करायचं काम करू लागल्या. आमच्या दाजींनाही गोड बोलून त्यांनीच तपासणीला नेलं. चतुर्थीला ताई म्हणाली, "आज उपास आहे, गोळी उद्या घेईन." तेव्हा आक्का म्हणाल्या, "उपासाला साबुदाणा चालतो नं? मग गोळीबी चालती. देवाला मी सांगते."

एकदा औरंगपुऱ्याच्या बाजारात त्या समोरून आल्या आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या. ताईला फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रस्त्यात मी तुमची कोण नाय. तू हाक मारलीस तर थांबीन. नायतर लोक इचारतेत, ही बाई तुला कशी ठाऊक म्हणून."

आमची वस्ती शहराच्या नव्या टोकाला. समोर सात मजली इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं. टँकरवालाही वळणावर आला की वडिलांच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. एका संध्याकाळी आठला ताईचा फोन वाजून बंद झाला आणि आई ओरडली, "टँकर आला गं!" सगळी गल्ली हंडे घेऊन धावली. अर्धा तास उभं राहून बायका आईला बोल लावत परतल्या. आक्कांना हे सांगितलं, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "माय माय! पाणी नाय दिलं, नुसतंच पळवलं व्हय मी गल्लीला!"

आईला मात्र आम्ही खरं काही सांगितलं नव्हतं. आक्का दवाखान्यातल्या बाई आणि गोळ्या रक्तवाढीच्या, एवढंच तिला माहीत. त्यातूनच पुढचा घोळ झाला.

बाळ झालं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर पाण्याचा थेंबही नाही, असं दवाखान्यात बजावलं होतं. दुधाबरोबर वरचंही दिलं तर बाळाला आजार लागण्याची भीती वाढते. पण महिनाभरातच आईने घुटीचं सामान काढलं. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही दोघी घुटीवरच वाढल्या. कालिजात गेली म्हणून मला शिकवती का?" मी घुटी उगाळायची सहाण उचलून कॉलेजच्या पिशवीत लपवली. दोन दिवस ती माझ्यासोबत वर्गात बसली. तिसऱ्या दिवशी आईने शेजारून दुसरी आणली.

मी आक्कांना फोन केला. त्या भरउन्हात आल्या. आधी ताईशी हळूच बोलल्या, "आईला सांगायचं का नाय ते तू ठरव. माझ्या तोंडून निघणार नाय." ताईने मान हलवली. नाही.

मग आक्का आईजवळ जाऊन बसल्या. आई वेखंड उगाळत होती.

"मलाबी एक लेक होती," आक्का म्हणाल्या. "तिला मी घुटीबी दिली, दूधबी पाजलं. मला आजार हाय, हे तवा ठाऊकच नव्हतं. तिला लागला. दोन वर्साची होऊन गेली." आणि त्यांनी आजाराचं नाव घेतलं.

आमच्या गल्लीत ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. ताईचं झाकायला त्यांनी स्वतःचं उघडं केलं.

आईचा हात थांबला. तिने आक्कांकडे पाहिलं, मग बराच वेळ ताईकडे. ताईने मान खाली घातली. शेवटी आईने सहाण धुतली आणि म्हणाली, "सहा महिने ना? बरं." पुढे तिने ना कधी ताईला काही विचारलं, ना घुटी काढली.

बाळाची शेवटची तपासणी दीड वर्षाने झाली. तोवर आक्कांची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली होती, तरी त्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या. आईही सोबत होती. निकालाचा कागद घ्यायला मी हात पुढे केला, पण त्यांनी तो ताईला विचारून आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नाही.

"आजीबाई, नातू चांगला हाय. आजार नाय त्याला."

ताई भिंतीला टेकून रडू लागली. आईने कागदाची घडी केली, कमरेला खोचली. आक्का एसटी गाठायला उठल्या, तेव्हा आईने त्यांचा हात धरला. आम्ही दोघी इतके दिवस ज्यांच्या जिवावर होतो, त्यांना जे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं, ते आईने विचारलं.

"तुमच्या लेकीचं नाव काय होतं?"

आक्का परत खाली बसल्या. त्यांनी नाव सांगितलं. मी ते ऐकलं, पण इथे लिहीत नाही. ते त्यांनी आईला सांगितलं होतं.